पालिकेला नवीन शुल्क लावायचं आहे, तर आधी काय तपासावं?

तांबडीमाती
नमस्कार. गोव्यातल्या आमच्या पालिकेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'महसूलवाढीचे नवे स्रोत' असा एका ओळीचा विषय आहे. सोबत टिपण नाही, आकडे नाहीत. नगरसेवकांशी बोलल्यावर तीन गोष्टी कळल्या. बाजाराच्या रस्त्यावर पे पार्किंग करायचं, कचरा शुल्क वाढवायचं (मुख्यतः दुकानं आणि हॉटेलं), आणि बाहेरून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेश शुल्क लावायचं, 'महाबळेश्वरला घेतात तसं'.

वॉर्डातले आम्ही काही जण मिळून लेखी निवेदन देणार आहोत. उगाच विरोध करायचा नाही, कारण पालिकेला पैसे लागतात हे आम्हालाही दिसतं. पण असा प्रस्ताव तोलायचा कसा? पालिकेला यातल्या कशाचा अधिकार आहे? कोणते कागद मागायचे?

जमाखर्च
पहिला प्रश्न पैशांचा नसून अधिकाराचा असतो, आणि आपल्याकडे तोच शेवटी विचारला जातो. राज्यघटनेचं कलम २६५ म्हणतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही. कलम २४३-एक्स म्हणतं की कोणते कर पालिकेने लावायचे ते विधानसभा कायद्याने ठरवते. म्हणजे गोव्यातल्या तेरा पालिकांसाठी १९६८ चा गोवा नगरपालिका कायदा आणि पणजीसाठी २००२ चा महानगरपालिका कायदा. त्यांत जे नाही ते सर्वानुमते ठराव करूनही लावता येत नाही.

आता तुमचे तीन प्रस्ताव या गाळणीतून काढा.

प्रवेश शुल्क इथेच अडकतं. माथेरान, महाबळेश्वर महाराष्ट्राच्या कायद्याखाली येतात, तिथला अधिकार इथे उसना आणता येत नाही. मालाच्या प्रवेशावरचा कर (म्हणजे जुनी ऑक्ट्रॉयची, जकातीची नोंद) २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने घटनेतल्या राज्यांच्या विषयांच्या (दुसऱ्या) यादीतूनच गेला. हॉटेलच्या खोलीवर कर म्हणाल, तर राज्याचा लक्झरी टॅक्स २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला. उरतो टोल. त्यालाही कायद्यात स्पष्ट तरतूद, वर सरकारची मंजुरी, आणि ज्या रस्त्यावर नाका बसवायचा तो पालिकेचा असायला हवा. बहुतेक शहरांत शिरणारे मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा राष्ट्रीय महामार्गाचे असतात. कळंगुट पंचायतीने पर्यटकांवर प्रवेश कर लावायचा ठराव केला तेव्हाही अधिकाराचाच प्रश्न सगळ्यात आधी पुढे आला. निवेदनात या मुद्द्याला दोन ओळी पुरे: कुठल्या कलमाखाली, आणि कुठल्या रस्त्यावर?

पार्किंग हे कर नसून जागेच्या वापराचं शुल्क आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत (पालिकांच्या कामांच्या यादीत) सतराव्या क्रमांकावर पथदीपांबरोबर पार्किंगच्या जागाही आहेत. तिथे अधिकार सापडतो. वाद होईल तो दरावर आणि ठेक्यावर.

कचरा शुल्कालाही आधार आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थेला वापर शुल्क उपविधीत (संस्थेने स्वतः केलेल्या नियमांत) धरायला सांगितलं. पण 'कर' आणि 'शुल्क' यांतला फरक इथे अंगाशी येतो. शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे की शुल्काच्या बदल्यात सेवा दिसली पाहिजे. नंतरच्या निकालांनी पैचा हिशेब जुळायलाच हवा ही अट सैल केली, पण सेवेशी नातंच नसलेली रक्कम शुल्क म्हणून टिकत नाही. 'तिजोरीत खडखडाट आहे म्हणून कचरा शुल्क दुप्पट' असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला, की विरोधी वकिलाचं अर्धं काम झालं. 'संकलन आणि प्रक्रियेचा खर्च इतका, म्हणून दर इतका' हे वाक्य इतिवृत्तात असलं पाहिजे.

जाता जाता जाहिरात फलकांबद्दल. जाहिरात कराची नोंद (दुसऱ्या यादीतली ५५ वी) त्याच घटनादुरुस्तीने गाळली. तेव्हापासून पालिकेला परवाना शुल्क किंवा जागेचं भाडं घेता येतं. तरी कागदावर अजून 'जाहिरात कर' लिहिलं जातं आणि एजन्सी तेवढ्याच शब्दावर पैसे अडवते. करमणूक कर मात्र उलट: पंचायत-पालिकांनी लावायचा तेवढा घटनेने शिल्लक ठेवला आहे, त्यासाठी राज्याने कायद्यात तशी वाट करून द्यावी लागते.

सोपोपावती
जमाखर्च यांनी अधिकाराचं सांगितलं. मी पार्किंगचा हिशेब मांडतो, कारण बैठकीत नेहमी ढोबळ आकडा फेकला जातो, निव्वळ कुणी काढत नाही.

समजा १५० चारचाकींची जागा आहे. तासाला २० रुपये. जागा दिवसभर भरलेली दिसली तरी पैसे देणारे तास सरासरी ६ धरा, कारण सकाळी दुकानदार स्वतःच्या गाड्या लावतात आणि दुपारी एक ते चार बाजार झोपतो. महिन्याचे २६ दिवस. झाले ४,६८,००० रुपये. इथवर सगळे टाळ्या वाजवतात.

आता वजाबाकी. पाच टप्पे, दोन पाळ्या, म्हणजे १० माणसं, १५,००० च्या हिशेबाने दीड लाख. हातातली यंत्रं, कागद, रंगाचे पट्टे, फलक यांना २० हजार. गळती २० टक्के धरा (पावती न देता दहा रुपये खिशात, ओळखीचे, 'पाच मिनिटांत येतो' म्हणणारे): ९३,६००. हाती उरले २,०४,४००, वर्षाला साधारण साडेचोवीस लाख. पावसाळ्यातले पडेल महिने अजून धरलेले नाहीत.

हा आकडा वाईट नाही. पण त्याच्या शेजारी पालिकेची घरपट्टीची थकबाकी आणि गाळ्यांचं न वाढवलेलं भाडं ठेवून पाहा, मग कुठे आधी हात घालायचा ते दिसतं.

पार्किंगमधून महसुलापेक्षा जागा फिरती राहते हा खरा फायदा. त्यामुळे दर चढता हवा: पहिला तास स्वस्त, तिसऱ्यापासून महाग. दिवसभराचा सपाट दर ठेवला की दुकानदाराचीच गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहते आणि गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत फुकट लावतं. म्हणून गल्ल्याही एकाच दिवशी योजनेत घ्याव्या लागतात. आणि चुकवणाऱ्याला चाप लावायचा अधिकार वाहतूक पोलिसांकडे असतो, ठेकेदाराच्या पोऱ्याकडे नसतो. पोलिसांशी लेखी ठरवलं नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी पैसे देत नाही.

सोपोचाही (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतलं जाणारं जागेचं शुल्क) विचार करा, कारण 'नवे स्रोत' शोधताना जुना सोपो कुणी मोजत नाही. ठेक्याची किमान बोली बहुधा गेल्या वर्षीच्या बोलीत दहा टक्के मिळवून काढतात. विक्रेते किती, जागा किती, याची मोजणीच नसते. मोजणी अवघड नाही. तीन बाजारदिवस निवडा: मे महिन्यातला पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा), जुलैतला भर पावसातला, आणि चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा). माणूस मोजू नका, व्यापलेली जागा चौरस मीटरमध्ये मोजा, पथारी आणि गाडा वेगळे लिहा. तीन दिवसांची सरासरी गुणिले ठरलेला दर, यातून वसुलीचा खर्च आणि ठेकेदाराचा वाजवी नफा वजा केला की किमान बोली निघते. अष्टमीची फेरी, वास्कोचा सप्ताह, बोडगेश्वराची जत्रा अशा उत्सवी बाजारांचे दिवस नेहमीच्या सोपोत मिसळायचे नाहीत, त्यांचा वेगळा लिलाव.

बिघडतं कुठे? बोली चढवून ठेका घ्यायचा, दोन हप्ते भरायचे, मग 'धंदा झाला नाही' म्हणत कोर्टात जायचं. दरम्यान बाजारात फलकावरच्या दराच्या दुप्पट वसुली, पावतीशिवाय. अनामत रक्कम किमान एका तिमाहीची आणि बँक हमीच्या स्वरूपात असावी, पावतीपुस्तकं पालिकेनेच क्रमांक घालून छापून द्यावीत, बाजाराच्या प्रत्येक तोंडाला दरफलक असावा. २०१४ चा पथविक्रेता कायदाही लक्षात ठेवा. सोपोची पावती म्हणजे विक्री प्रमाणपत्र नव्हे, आणि विक्री शुल्काचा विषय नगर विक्री समितीपुढे गेला पाहिजे. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले असावे लागतात. ती समितीच बसली नसेल तर प्रस्ताव तिथेच लंगडा.

तांबडीमाती
दोघांचेही आभार. प्रवेश शुल्क आमच्या निवेदनातून निकालात निघालं. कचरा शुल्काचा दर कसा काढायचा? आमच्याकडे 'घरामागे १०० आणि हॉटेलला १,००० करूया' अशीच भाषा चालू आहे.

ओला_सुका
गोल आकड्यांवरून सुरुवात झाली की समजावं वजन केलेलं नाही.

आधी वजन. घरांची आणि दुकान-हॉटेलांची गाडी सात दिवस वेगवेगळी फिरवून वजनकाट्यावर नोंद करा. हे दोनदा करायचं, एकदा डिसेंबरच्या हंगामात आणि एकदा पावसात. डिसेंबरात हॉटेलांचा वाटा फुगतो. पावसात ओल्या कचऱ्यात पाणी असतं, तेव्हा प्रक्रिया केंद्राला वजनावर पैसे द्यायचे असतील तर पालिका पावसाचेही पैसे मोजते.

मग खर्च. पगार, डिझेल, गाड्यांची दुरुस्ती, साळगाव किंवा काकोडा प्रकल्पाकडे पाठवत असाल तर तिथलं प्रक्रिया शुल्क आणि वाहतूक, साठलेल्या जुन्या कचऱ्याचा खर्च. हा शेवटचा आकडा वेगळा ठेवा. मडगावच्या सोनसडोसारख्या वर्षानुवर्षांच्या ढिगाचा खर्च आजच्या घरमालकाच्या मासिक शुल्कात घालणं चूक आहे, त्यासाठी अनुदान मागायचं.

उदाहरणासाठी मानलेले आकडे घेतो. महिन्याचा खर्च २० लाख, त्यातले ४ लाख बांधील (ठरावीक कामासाठीच मिळणाऱ्या) अनुदानातून. उरले १६ लाख. वजनात व्यापारी वाटा ४५ टक्के निघाला, तर ७,२०,००० त्यांच्याकडून आणि ८,८०,००० घरांकडून. दुकानं-हॉटेलं १,५०० असतील तर सरासरी ४८०, आणि ८,००० घरं असतील तर ११० रुपये. मग परिषदेने ठरवायचं की पहिल्या वर्षी खर्चाचा किती हिस्सा वसूल करायचा. अर्धा घेतला तर घरामागे ५५. हा राजकीय निर्णय आहे आणि तो तसाच उघडपणे घ्यावा. मला विचाराल तर घरांकडून अर्धा आणि व्यापाऱ्यांकडून पूर्ण, कारण व्यापारी तो खर्चात दाखवू शकतो.

व्यापाऱ्यांत एकच दर नको. शिंप्याचं दुकान आणि मासळीचं रेस्टॉरंट एका रांगेत बसवलं की शिंपी कोर्टात जाईल, आणि बरोबरच जाईल. हॉटेलला खोल्यांवरून, रेस्टॉरंटला बसायच्या जागांवरून, दुकानाला क्षेत्रफळावरून टप्पे पाडा.

मोठ्या हॉटेलांचा आक्षेप आधीच ओळखा. २०१६ च्या नियमांत (२०२६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे 'मोठे निर्माते' होते, आणि त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. ज्याने कंपोस्टचं यंत्र बसवलं त्याच्याकडून पूर्ण दर मागितला तर तो दोनदा पैसे देतो. त्याला फक्त सुक्या आणि नाकारलेल्या कचऱ्याचा दर लावा. आणि तपासणी अचानक करा: यंत्र असतं, पण वीज बिल वाढतं म्हणून बंद असतं, ओला कचरा रात्री दुसऱ्याच्या गाडीत जातो.

वसुली वेगळ्या पावतीने केली की पहिल्या वर्षाचा उत्साह दुसऱ्या वर्षी संपतो. घरांचं घरपट्टीच्या बिलात, व्यापाऱ्यांचं व्यापार परवान्याच्या नूतनीकरणात जोडा, मात्र ओळ स्वतंत्र आणि खातं स्वतंत्र.

शेंदऱ्याआड
सोपोपावती यांचा सूर 'आधी थकबाकी वसूल करा' असा आहे. पूर्ण पटत नाही. थकबाकीचा आकडा फुगलेला असतो, आणि गोव्यात तर खास कारणांनी.

घर आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच गेले, वारसांत इन्व्हेंटरी (मालमत्तेची कोर्टामार्फत वाटणी) झालेली नाही, चार वारसांतले तिघे पोर्तुगालात किंवा इंग्लंडात. बिल कुणाला बजावायचं? दुसरीकडे मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) घरात राहतो, तो कर भरायला तयार असतो कारण पावती हा त्याला ताब्याचा पुरावा वाटतो, पण भाटकार (जमीनमालक) आक्षेप घेतो म्हणून नोंद अडून राहते. शिवाय एकाच घराला दोन क्रमांक, पाडलेली घरं वहीत उभी. अशी मागणी दरवर्षी वहीत चढते आणि थकबाकी म्हणून पुढे येते. त्यावर विसंबून अंदाजपत्रक फुगवलं की मार्चमध्ये पगाराला धावाधाव.

म्हणून थकबाकीचा एकच आकडा मागू नका. तीन रकान्यांत मागा: तीन वर्षांच्या आतली, तीन वर्षांवरची, आणि वादातली. पहिल्या रकान्यातलीच खरी हाती लागते. तिसऱ्यासाठी माफी योजना जाहीर करायची तर एकदाच. दर दोन वर्षांनी माफी दिली की वेळेवर भरणाराही थांबून पाहायला लागतो.

नोंद न झालेली बांधकामं हा त्याहून चांगला स्रोत. वीज खात्याच्या व्यापारी जोडण्यांची यादी पालिकेच्या घरपट्टी वहीशी ताडून पाहा. घर म्हणून कर भरणारं होमस्टे, वर चढलेला मजला, लगेच सापडतात. पाण्याचं बिल आपल्याकडे पालिकेकडे नाही, ते सरकारी खात्याकडे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पालिकांसारखी 'पाणीपट्टी आणि घरपट्टी एकत्र' ही सोय इथे नाही. ती यादीसुद्धा मागूनच घ्यावी लागते. आणि हो, कर लावला म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. हे बिलावरच छापा.

जमाखर्च
शेंदऱ्याआड यांचा मुद्दा मान्य, तीन रकान्यांची सूचना मी उचलतो. त्यात भर.

केंद्राच्या मिळकतींवर कलम २८५ मुळे घरपट्टी लागत नाही, पण सेवा शुल्क घेता येतं. सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये मान्य झालेलं प्रमाण असं: पालिकेच्या सगळ्या सेवा वापरत असतील तर घरपट्टीच्या ७५ टक्के, काही वापरत असतील तर ५०, काहीच नसेल तर ३३⅓. त्यासाठी करार करावा लागतो आणि दरवर्षी बिल पाठवावं लागतं. वास्कोसारख्या शहरात, जिथे नौदल आणि रेल्वे आहे, हा किरकोळ विषय नाही. लहान शहरातही टपाल कार्यालय असतंच.

दुसरं, गाळ्यांचं भाडं. वाढवताना जीएसटी विसरला जातो. भाडेकरू नोंदणीकृत असेल तर पालिकेच्या भाड्यावरचा कर तोच उलट पद्धतीने, म्हणजे थेट सरकारला, भरतो. नोंदणीकृत नसेल तर १८ टक्के पालिकेने बिलात लावून भरायचा. ठरावात 'कर वेगळा' हे दोन शब्द नसले की तो पालिकेच्या खिशातून जातो. आणि बाजार खरंच पालिकेचा आहे ना तेही पाहा. मडगावातला एसजीपीडीएचा बाजार दक्षिण गोवा नियोजन प्राधिकरणाचा आहे, त्याचं उत्पन्न मडगाव पालिकेचं नाही. बांधकाम परवान्याच्या वेळी भरावा लागणारा इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्सही (२००९ चा कायदा) राज्याचा. लोक समजतात पालिका घेते.

तिसरं, घरपट्टी वाढवायला टाळाटाळ केली तर नुकसान दुहेरी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२२-२३ पासून शहरी अनुदानाला अट घातली: राज्याने घरपट्टीचा किमान दर अधिसूचित करायचा आणि वसुलीची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीशी मिळतीजुळती ठेवायची. दहा लाखांखालच्या शहरांना, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच, त्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता-कचरा यांना बांधलेला होता. म्हणजे पगार त्यातून निघत नव्हते.

तांबडीमाती
शेवटचा प्रश्न. हे सगळं मांडायचं कुठे? पंचायतीत ग्रामसभा असते. आमच्याकडे काय?

ओला_सुका
काही नाही. कलम २४३-एस प्रमाणे वॉर्ड समित्या तीन लाख लोकसंख्येपासून बंधनकारक आहेत, आणि गोव्यात एवढं मोठं शहरच नाही. म्हापशासारख्या शहराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की ग्रामसभेत सरपंचाला रविवारी घाम फुटतो, आत मात्र नगरसेवकाला फोन करा.

म्हणून हरकतींची मुदत हीच तुमची ग्रामसभा. नवीन कर असेल तर खास बैठक, मसुदा नियमांसह जाहीर नोटीस, हरकती, त्यांवर परिषदेचा विचार, मग पालिका प्रशासन संचालनालयामार्फत सरकारची मंजुरी, असा रस्ता आहे. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी घेतलेल्या विषयात कर लावला तर तो ठराव टिकायचा नाही. शुल्क उपविधीत बसवायचं असेल तरी मसुदा जाहीर व्हावा लागतो.

आत्ता नोटीस निघालेली नाही, त्यामुळे निवेदनात मागण्या कागदांच्या ठेवा: मागील तीन वर्षांची मागणी-वसुली-थकबाकी (वर सांगितलेल्या रकान्यांसह), कचऱ्याच्या वजनाची नोंद आणि खर्चाचा तक्ता, सोपो आणि गाळ्यांच्या ठेक्यांचे करार, पार्किंगच्या रस्त्यांची मालकी. सोबत माहिती हक्काचा अर्ज वेगळा टाका, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. एका अर्जात वीस प्रश्न घालू नका, एका विषयाचा एक अर्ज. 'शुल्क का वाढवता' असा 'का' विचारला की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. 'खर्चाच्या तक्त्याची प्रत द्या' असं लिहा.

सोपोपावती
निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या आणि प्रत नगराध्यक्षांना. नगरसेवकाच्या हातात दिलेलं निवेदन फाइलला लागत नाही. आणि चतुर्थीच्या आधी द्या, नंतर पंधरा दिवस कोणी भेटत नाही.